सायकल धुणं घरकामात मोडतं का?

जानेवारीच्या शेवटी, पावसात, तीन अंश तापमानात स्टुटगार्टहून साडेचार तास गाडी हाकत आयफेलच्या डोंगरात जायचं, तिथल्या एका गवताळ उतारावर दोन दिवस चाळीस-चाळीस मिनिटं चिखलात लोळायचं आणि परत यायचं. ‘ह्याला सहल म्हणतात का?’ असं ऑफिसातली मंडळी मला विचारतात. मी सांगते, छे, ह्याला छंद म्हणतात. सहलीत माणसाला मजा येते.

ज्यांनी सायक्लोक्रॉस पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शर्यतीची सायकल घ्या, तिला जरा खडबडीत टायर लावा आणि जिथे शहाणा माणूस गमबूट घालून जाईल तिथे ती चालवा. शेत, वाळू, झाडांची मुळं, उभा चढ. मध्येच गुडघ्याएवढ्या दोन फळ्या आडव्या लावलेल्या असतात. तिथे उतरायचं, सायकल उचलून उडी मारायची, पुन्हा बसायचं. तीन किलोमीटरचा फेरा, आणि असे फेरे चाळीस मिनिटं. दोन फेऱ्यांत सायकलला इतका चिखल बसतो की चाक फिरेनासं होतं, म्हणून सगळे दोन सायकली आणतात. वाटेत ‘पिट’ नावाची एक पट्टी असते. तिथे तुमचं माणूस दुसरी सायकल धरून उभं असतं. तुम्ही मळकी फेकायची, स्वच्छ घ्यायची आणि पळायचं. पुढच्या फेऱ्यापर्यंत ते माणूस मळकी सायकल पाण्याच्या पंपाने धुऊन ठेवतं. तुम्ही पुन्हा मळवून आणता, ते पुन्हा धुतं. कोणी संसारावर दृष्टांत शोधत असेल तर माझ्याकडून फुकट घ्या.

मी एकावन्न वर्षांची आहे. हौशी बायकांच्या गटात हा माझा सहावा हिवाळा. सर्वोत्तम क्रमांक तिसरा. त्या दिवशी तिघीच आल्या होत्या. पुण्याच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘अनघा जर्मनीत तिसरी’ असं फिरलं, आणि मी दुरुस्ती केली नाही.

माझ्या पिटमधलं माणूस म्हणजे मकरंद, माझा नवरा. आता हे सांगितल्याशिवाय पुढची सहल कळणार नाही म्हणून सांगते. आम्ही वेगळे होत होतो. जर्मनीत घटस्फोटाच्या आधी एक वर्ष वेगळं राहावं लागतं, त्याला ‘ट्रेनुंग्सयार’ म्हणतात. वेगळं म्हणजे वेगळ्या घरातच असं नाही, एकाच घरात वेगळं राहिलं तरी चालतं. हा कायदा करणाऱ्याला स्टुटगार्टची घरभाडी ठाऊक असावीत. इथे दुसरा नवरा मिळेल, दुसरी दोन खोल्यांची जागा मिळायची नाही. अट एवढीच की संसार एक नको. खोल्या वेगळ्या, एकमेकांसाठी स्वयंपाक नाही, एकमेकांचे कपडे धुणं नाही. फ्रिजमधला वरचा खण त्याचा, खालचे दोन माझे, कारण मी भाज्या आणते. अकरा महिने आम्ही हे पाळलं, आणि इतकं चोख पाळलं की कुठल्याही जर्मन जोडप्याने शिकायला यावं. कारण विचाराल तर सांगण्यासारखं काही नाही. तिसरं माणूस नव्हतं, मारहाण नव्हती. भांडणंही थांबली होती, आणि तेव्हाच खरं तर लक्षात यायला हवं होतं.

गुरुवारी वकिलांच्या ऑफिसचं पत्र आलं, दोघांच्या नावाने. वर्ष पुढच्या आठवड्यात पूर्ण होतंय. तुम्ही सलग वेगळे राहिलात हे दोघांनी सोमवारपर्यंत लेखी कळवा, म्हणजे अर्ज दाखल करू. विचार बदलला असेल तर तेही सोमवारपर्यंत कळवा. मकरंदने पत्र वाचलं, घडी केली, म्हणाला, “सोमवारी बघू.” मीही म्हटलं, “सोमवारी.”

आणि मध्ये होता हा शनिवार-रविवार. शर्यतीची नोंदणी मी ऑगस्टातच केली होती. फॉर्मवर ‘मदतनीस’ असा एक रकाना असतो, त्यात सवयीने त्याचं नाव लिहिलं होतं. जवळपासच्या शर्यतींना या हिवाळ्यात मी एकटीच, एका सायकलवर गेले होते. मी म्हटलं, “तू नाही आलास तरी चालेल.” तो म्हणाला, “फॉर्मवर नाव आहे.” एकोणीस वर्षं जर्मनीत राहिलेल्या माणसाकडून यापेक्षा हळवं वाक्य निघत नाही. मी शर्यतीसाठी गेले असं इथे लिहिलं तर ते निम्मंच खरं होईल. मला बघायचं होतं, सोमवारी काय लिहायचं ते.

शुक्रवार

जायचं असेल तर दुपारी दोनच्या आत निघा. हायलब्रॉनपर्यंत रस्ता बरा असतो, पुढे वाल्डॉर्फच्या चौकात सगळं तुंबतं. तिथल्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीतले इंजिनियर शुक्रवारी दीड वाजता घरी निघतात आणि मग चारपर्यंत एकमेकांना घरी जाऊ देत नाहीत. आमची जर्मनीतली पहिली दोन वर्षं इथेच गेली. आमची सगळी महत्त्वाची भांडणं या चौकातल्या रांगेत झालीत. हल्ली आम्ही तिथे रेडिओ लावतो.

गाडीत दोन डबे होते. माझ्या डब्यात थालीपीठ आणि दही. त्याच्या डब्यात त्याने स्वतः केलेला उपमा. अकरा महिन्यांत तो उपमा करायला शिकला, एवढं श्रेय कायद्याला द्यायला हवं. कडा जरा कापाव्या लागतात, पण खाता येतो.

रांगेत उभे असतानाच साताऱ्याहून सासूबाईंचा फोन आला. त्यांना आम्ही काही सांगितलेलं नव्हतं. मकरंदने फोन स्पीकरवर टाकला.

“अगं, पोचलात का?”

“नाही हो आई, वाटेत आहोत.”

“थंडी किती आहे?”

“तीन.”

“तीन काय?”

“तीन अंश, आई.”

“मेले! आणि यात तू सायकल चालवणार? या वयात? अगं, हाडं मोडली तर तिथे डॉक्टर महिन्याने वेळ देतात म्हणतेस ना?”

“चालवू दे गं आई तिला,” मकरंद म्हणाला. “तिला आवडतं.”

“तू मध्ये बोलू नकोस. अनघा, त्याच्या पाठीत थंडी भरते, माहितीये ना तुला? झोपताना गरम दूध देत जा त्याला, हळद घालून.”

“देते हो आई.”

फोन बंद झाला. पुढचा ट्रक दोन मीटर सरकला, मग आम्ही दोन मीटर सरकलो.

“दूध,” मी म्हटलं.

“दुधाचा उल्लेख नाहीये कायद्यात,” तो म्हणाला. “मी वाचलंय.”

मी हसले. तोही हसला. असं काही नाही, पण रेडिओ बंदच राहिला, पार ऱ्हाईन ओलांडेपर्यंत.

मुक्काम गावातल्याच एका पेन्शनमध्ये, म्हणजे घरगुती लॉजमध्ये. एकट्याची खोली पंचावन्न युरो, न्याहारीसकट. हीटर चालतो, पण त्याला वेळ लागतो. दोन सिंगल खोल्यांची बुकिंग आणि एकच आडनाव बघून मालकीणबाई म्हणाल्या, “आल्झो! घोरतात ना हे? माझाही घोरायचा. वेगळ्या खोलीमुळेच आमचं लग्न बत्तीस वर्षं टिकलं.” मी “गेनाऊ”, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हटलं. जर्मनीत कुठल्याही प्रश्नाला हे उत्तर चालतं.

शनिवार

नंबर घ्यायला दहाच्या आत पोचा. प्रवेशशुल्क पंचवीस युरो, नंबरासाठी पाच अनामत. चार सेफ्टी पिना देतात, त्या गोठलेल्या बोटांनी पाठीवर लावणं ही पहिली शर्यत. पार्किंग शेतातच आहे आणि बाहेर काढायला ट्रॅक्टर ठेवलेला असतो, यावरून जमिनीचा अंदाज घ्या. टायरमध्ये हवा कमी ठेवा. पाय गरम ठेवणारी ती झोंबणारी मलई लावणार असाल तर आधी चड्डी घाला, मग मलई लावा. उलटं केलंत तर शर्यत लक्षात राहील.

पाऊस बारीक होता, पण थांबणारा नव्हता. आम्ही नऊजणी सुरुवातीच्या रेषेवर उभ्या होतो. माझ्या शेजारी गाबी, त्रेसष्ट वर्षांची निवृत्त परिचारिका. सहा हिवाळे ती मला हरवते आहे. “तुझा नवरा आलाय!” ती म्हणाली. “किती बरं. माझा या क्षणी सोफ्यावर आहे, आणि मी जाईन तेव्हाही तिथेच असेल.” पुढे काही म्हणायच्या आत शिट्टी झाली.

पहिल्या फेऱ्यात मी सातवी होते. दुसऱ्यात मागच्या ब्रेकपाशी चिखलाचा गोळा बसला. पिटमध्ये शिरले, मळकी सायकल मकरंदकडे दिली, स्वच्छ घेतली आणि निघाले. सगळं नेहमीसारखं. त्याच्या हातात सायकल अशी अलगद गेली की वाटलं, हे एक तरी आपल्याला अजून येतं. पुढच्या चढावर मी गाबीच्या मागच्या चाकाशी होते. तिसऱ्या फेऱ्यात दुसरी सायकलही भरली. गिअर बदलेना. मी पुन्हा पिटमध्ये शिरले.

मकरंद सायकल दोन्ही हातांनी धरून उभा होता. तीच सायकल, आणि तोच चिखल तिच्यावर, मी सोडून गेले होते तसाच. आजूबाजूला सगळे पंप फवारत होते. वाफ, पाणी, आरडाओरडा. तो पुरावा सांभाळणाऱ्या हवालदारासारखा स्तब्ध.

“धुतली नाहीस?”

“मी वकिलांना मेल टाकलीये. काल, पेन्शनमधून.”

“काय?”

“सायकल धुणं हे एकमेकांची कामं करण्यात मोडतं का, म्हणून. कपडे धुणं मोडतं ना? अजून उत्तर नाही आलं.”

“मकरंद, शर्यत चालू आहे!”

“तूच म्हणाली होतीस, तुझा एक मोजाही माझ्या मशीनमध्ये नको. उद्या कोणी विचारलं तर?”

“कोण विचारणार आहे? हा चिखल येणार आहे का कोर्टात?”

“बायकांनो, वाट सोडा!” मागून कोणीतरी ओरडलं. मी त्यातल्या त्यात कमी मळकी सायकल उचलली आणि निघाले.

त्याचा राग येणं सोपं होतं. पण खरं सांगायचं तर मार्चमध्ये त्याचा एक टॉवेल माझ्या कपड्यांबरोबर धुतला गेला तेव्हा मीच तो ओला बाहेर काढून त्याच्या दारापाशी ठेवला होता. वर्ष मोडायला नको म्हणून. दोन मराठी इंजिनियरांच्या हातात एक जर्मन नियम दिला की ते त्याचं असं काही करतात की जर्मनांनाही वाईट वाटावं.

उरलेली वीस मिनिटं मी सायकल चालवली कमी आणि वाहिली जास्त. चाकं फिरत नव्हती. खांद्यावर पंधरा किलो माती घेऊन मी चढ चढले, उतरले, फळ्यांवर एकदा आडवी झाले. पहिली येणारी मुलगी मला मागून गाठून पुढे निघून गेली, ‘एक फेरा मागे’. निकालात तसं छापतात. नववी, नऊपैकी. बोटं गेली होती. डाव्या पायाचा अंगठा आहे की नाही हे बूट काढून बघावं लागलं.

गाबीने मला एका कागदी कपात गरम सफरचंदाचा रस आणून दिला. “तुमचा पंप बिघडला होता का?” तिने विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “आमचा कायदा बिघडलाय.”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग लांब उभ्या मकरंदकडे, आणि शहाण्या परिचारिकेसारखी पुढे काही विचारलं नाही.

पेन्शनवर पोचल्यावर मी गरम पाण्याखाली अर्धा तास उभी राहिले. संध्याकाळी गावातल्या एकुलत्या एका उपाहारगृहात वाटाण्याचं सूप आणि ब्रेड, सात युरो. एकटीच गेले. मकरंद गाडीत तेल भरायला म्हणून गेला होता. त्या सूपसमोर बसून मी ठरवलं की सोमवारी ‘वेगळे राहिलो’ असंच लिहायचं. ठरवताना फार त्रासही झाला नाही. पाय गोठलेले असले की मोठे निर्णय सोपे वाटतात.

रविवार

पहाटे उणे पाच. न्याहारीला मालकीणबाई माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या, हाताची घडी घालून.

“तुमच्या मिस्टरांनी काल सायकली खोलीत नेल्या.”

मला काही कळेना. “सायकली?”

“दोन्ही. धुऊन आणल्या होत्या पेट्रोलपंपावरून, आणि मग हीटरपाशी वाळवत बसले. माझ्याकडून जुने टॉवेल घेतले, ते काळे करून दिले. बूटही वर्तमानपत्र कोंबून ठेवलेत.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “मी रागावणार होते. पण माझ्या नवऱ्याने बत्तीस वर्षांत माझे बूट वाळवले नाहीत.”

मी अंडं अर्धं टाकून बाहेर गेले. गाडीच्या मागे दोन्ही सायकली उभ्या होत्या. साखळ्यांना तेल, ब्रेक घट्ट, चकचकीत. ओल्या ठेवल्या असत्या तर रातोरात गोठून बसल्या असत्या. मकरंद काचेवरचं बर्फ खरवडत होता. बुटांत पाय घातले तेव्हा ते कोरडे होते, आणि मी गाडीत बसेपर्यंत कालचा सूपसमोरचा निर्णय माझ्याकडे उरला नव्हता.

त्या दिवशी रस्ता वेगळाच होता. कालच्या चिखलात उठलेले चाकांचे चर रातोरात दगड झाले होते. अशा वेळी लक्षात ठेवा, चरात चाक गेलं की हँडलशी भांडायचं नाही, ते नेईल तिथे जायचं. मी पाचव्या फेऱ्यापर्यंत आठवी होते. धुवायला काही नव्हतंच, पण पिटसमोरून जाताना मकरंद दुसरी सायकल धरून उभा दिसायचा आणि ओरडायचा, “गाबी बारा सेकंद पुढे! अनघा, दहा! आता सहा!” या माणसाने वर्षभरात माझ्याशी एवढ्या उत्साहाने बोललेलं मला आठवत नव्हतं. खालच्या वळणावर गाबीचं चाक सरकलं. ती पडली नाही, फक्त एक पाय टेकला. तेवढ्यात मी पुढे गेले. “श्वाइनहुंड!” तिने मागून शिवी हासडली, आणि हसली.

आठजणींत सातवी. एकही फेरा मागे न पडता. सहा हिवाळ्यांत पहिल्यांदा मी गाबीच्या पुढे.

मकरंद माझं जाड जॅकेट घेऊन आला. सूप आणलं. त्याच्या मिशीवर दव गोठलं होतं. मी कप हातात धरून त्याच्याकडे बघत होते. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं: उद्या ‘विचार बदलला’ असं लिहून बघायचं का? जर्मन कायदा याबाबतीत उदार आहे. तीन महिन्यांपर्यंत पुन्हा एकत्र राहून बघितलं आणि जमलं नाही, तरी मोजलेलं वर्ष वाया जात नाही. हेही मी वाचून ठेवलं होतं, बरेच महिने.

“सायकल छान चालली,” मी सुरुवात केली.

“हो,” तो घाईने म्हणाला. “उत्तर आलं काल संध्याकाळी. वकिलांचं. सायकल धुणं घरकामात मोडत नाही. म्हणून धुतली.”

“असं का,” मी म्हटलं.

सूप गार होत होतं, मी ते संपवलं. बक्षीससमारंभ तीन वाजता असतो, पहिल्या तिघींसाठी सॉसेजची टोपली. आम्ही थांबलो नाही.

परतीच्या रस्त्यावर हिमकण पडत होते. कोब्लेंझच्या पुढे मोझेल नदीवरचा उंच पूल लागतो. खाली बघण्यासारखं आहे, पण वारा जोरात असतो, गाडीवर सायकली असतील तर वेग कमी ठेवा. त्या पुलावर मला उमगलं. खरं तर फार उशिरा. जर्मन वकील शनिवारी संध्याकाळी मेल वाचून उत्तर देतो यावर विश्वास ठेवायला मी नुकतीच फ्रँकफर्टला विमानातून उतरलेली असायला हवी होते.

“मकरंद, मेल आलीच नाही ना?”

वायपर दोनदा फिरले.

“नाही.”

“मग धुतलीस कशाला?”

“घाण होती म्हणून. तू अंघोळीला गेलीस, मी गाडीत बसलो आणि आरशात त्या दोन सायकली दिसल्या. काल तुला खांद्यावर वाहायला लागली ती. मला लाज वाटली.”

“मग आज खोटं का बोललास?”

पुढे मीठ टाकणारी गाडी केशरी दिवा लावून चालली होती, तिच्या मागून ऐंशीच्या वेगाने सगळी रांग.

“तू सूप पिताना माझ्याकडे बघत होतीस,” तो म्हणाला. “तसं तू किती वर्षांत बघितलं नव्हतंस. मला कळलं तू काय म्हणणार आहेस. आणि मला तुला तोंडावर नाही म्हणायचं नव्हतं.”

“म्हणजे तुझं ठरलंय.”

“हो.”

“कधीपासून?”

“गुरुवारी पत्र घडी करताना ठरलेलंच होतं. मला वाटलं, शर्यत नीट होऊ दे तुझी.”

“शनिवारची तर तूच घालवलीस.”

“हो,” तो म्हणाला. “ते चुकलं.”

मला रडू आलं नाही. पण मी इतका वेळ बाहेर बघत होते की मानेला रग लागली. ज्याने माझे बूट वाळवले तो माणूस चांगला होता, यात वाद नव्हताच. मी चांगुलपणा बघितला आणि त्यावर आपल्या सोयीचा मजकूर लिहिला. तो बिचारा फक्त सायकल धूत होता.

घरी

साडेसहाला पोचलो. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सायकली तळघरात ठेवून, बाकीचं सामान वर नेईपर्यंत त्या सामानाला लागलेला दोन दिवसांचा गोठलेला चिखल इमारतीच्या उबेत वितळला आणि जिन्यावर ठिपक्याठिपक्याने पडला. दाराला लाकडी पाटी टांगलेली होती: ‘केअरवोखे’. स्टुटगार्टच्या बाजूचा हा रिवाज आहे. आठवड्याला एका घराने जिना पुसायचा, आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी. आमची पाळी गेल्या सोमवारपासून होती. शनिवारपर्यंत पुसायला हवा होता, आणि आम्ही तो पुसण्याऐवजी रंगवून ठेवला होता. खालच्या मजल्यावरच्या बाईंचं दार बोटभर उघडं होतं. त्या काही म्हणत नाहीत. त्या ऐकतात.

मी बादली आणि फडकं घेऊन वरून सुरुवात केली. मकरंद दुसरी बादली घेऊन खाली गेला आणि खालून वर येऊ लागला. हे आम्ही ठरवलं नव्हतं. हे एकमेकांसाठी काम करणं झालं का, असं कुणीच विचारलं नाही. पहिल्या मजल्यावरच्या वळणाला आम्ही समोरासमोर आलो, गुडघ्यांवर.

“इथे राहिलंय,” तो म्हणाला.

“दिसलं मला.”

मी ते पुसलं. त्याने माझ्या बादलीतलं पाणीही ओतून टाकलं. मी पाटी काढून समोरच्यांच्या दाराला लावली.

आता काय उरलं ते सांगते, कारण तुमच्यातले काहीजण पुढच्या हिवाळ्यात जायचा विचार करत असतील. डाव्या अंगठ्याला अजून धड जाणीव नाही. डॉक्टर म्हणतात, येईल. निकालाच्या यादीत रविवारचं माझं नाव सातव्या जागी आहे आणि त्याच्याखाली एक नाव आहे, हे मी तीनदा उघडून बघितलं. मोझेलच्या पुलावरची ती दहा मिनिटं मी कुठे ठेवायची ते अजून ठरवलेलं नाही. जाऊ नका असं मी म्हणणार नाही. गाव चांगलं आहे, सूप चांगलं आहे, लोक बरे आहेत. फक्त पिटमध्ये कोणाला उभं करता ते आधी स्वतःशी नीट बोलून घ्या, आणि ते माणूस तिथे का उभं आहे हे शर्यत चालू असताना शोधायला जाऊ नका.

सोमवारी सकाळी आठ वाजता मी माझ्या खोलीत लॅपटॉप उघडला आणि दोन ओळी लिहिल्या: आम्ही वर्षभर वेगळे राहिलो, माझी हरकत नाही. भिंत पातळ आहे. पलीकडून मेल गेल्याचा तो फुर्रकन आवाज आला. मग माझाही गेला.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. तोही त्याच वेळी बाहेर आला होता, हातात रिकामा कप. शेगडीपाशी आम्ही दोघं थांबलो.

“तू घे आधी करून,” तो म्हणाला.

“नको, तू कर,” मी म्हटलं. “मला आज घाई नाही.”